सूर्याच्या जवळ गेलो, तरी थंडी का?

उमरा करून परतलेल्या एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्या लिहितात, एप्रिलमध्ये मक्केत दुपारी हॉटेलबाहेर पाऊल टाकणे नकोसे वाटत होते. एके दिवशी बसने सर्वांना तायफला नेले. दोन तासांच्या आत बस डोंगर चढून वर पोहोचली, आणि मगरिबच्या सुमारास अम्मींच्या अंगावर शाल घालावी लागली. सोबतच्या मुलाने विचारले, आपण वर आलो म्हणजे सूर्याच्या जवळ आलो ना? मग ऊन वाढायला हवे, थंडी कशी वाढली? बसमध्ये कोणी म्हणाले, इथे झाडी आहे म्हणून. कोणी म्हणाले, अल्लाहची कुदरत. भगिनींनी आम्हाला विचारले आहे की, मुलाला नेमके काय सांगावे?

कुदरत तर आहेच. पण कुदरतीलाही कायदे लावून दिलेले आहेत, आणि मूल ते कायदेच विचारत असते. आकाश, डोंगर, वारे आणि ढग यांच्याकडे लक्ष देऊन पाहा, असे आपला दीन आपल्याला वारंवार सांगतो. पाहण्याचे काम मात्र आपल्यावरच सोपवलेले आहे. तेव्हा या महिन्यात हेच पाहू.

आधी सूर्याच्या अंतराचा हिशेब. सूर्य आपल्यापासून साधारण १५ कोटी किलोमीटर दूर आहे. मक्का शहर समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरवर, तर तायफ सतराशे ते एकोणीसशे मीटरवर. म्हणजे तायफला चढून गेलेला माणूस सूर्याच्या फार तर दीड किलोमीटर जवळ जातो. १५ कोटींत दीड, म्हणजे दहा कोटींतला एक भाग! एवढ्याने काही फरक पडत नाही. मुलाचा तर्क चुकीचा नव्हता, अंतराचा अंदाज चुकला होता.

खरी गोष्ट अशी की, हवेला ऊब सूर्याकडून थेट फारच कमी मिळते. सूर्याचा प्रकाश हवेतून बराचसा आरपार निघून जातो, जसा खिडकीच्या काचेतून घरात येतो. काच फारशी तापत नाही, पण आत ज्या फरशीवर ऊन पडते ती तापते. हवेचेही तसेच. ऊन जमिनीवर पडते, जमीन तापते आणि जमिनीला चिकटलेली हवा तिच्यामुळे तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर उठते, तिच्या जागी दुसरी येते, तीही तापते. म्हणजे चूल खाली आहे. आपण सगळे वर सूर्याकडे बोट दाखवतो, पण हवेच्या दृष्टीने तवा म्हणजे आपल्या पायाखालची जमीन. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्यातूनच निघते.

आता कोणी म्हणेल, गरम हवा वर जाते ना? मग वरती तर गरम हवा साठायला हवी. शंका रास्त आहे. तिचे उत्तर सायकलच्या पंपात आहे. पंप जोराने मारला की त्याचे खालचे टोक गरम होते, कारण दाबली गेलेली हवा तापते. उलट, भरलेल्या ट्यूबचा वॉल्व्ह दाबून हवा सोडली तर बोटाला ती गार लागते, कारण पसरणारी हवा थंड होते. जमिनीजवळ हवेवर वरच्या सगळ्या हवेचे ओझे असते. जसजसे वर जावे तसतसे हे ओझे कमी होते. म्हणून वर उठणारी हवा पसरत जाते, आणि पसरताना स्वतःचीच ऊब खर्च करते. कोरडी हवा दर एक किलोमीटर चढली की जवळजवळ दहा अंश सेल्सिअसने थंड होते. हवेत बाष्प असेल आणि त्याचे ढग होऊ लागले, तर त्या बाष्पातली लपलेली ऊब बाहेर पडते आणि थंड होण्याचा वेग निम्म्यावर येऊ शकतो. सगळीकडचा मेळ घालून शास्त्रज्ञ सरासरी धरतात ती किलोमीटरमागे साडेसहा अंश.

हा कायदा उलटही चालतो, आणि मक्केच्या उन्हाळ्याचे एक कारण तिथे सापडते. सरवात पर्वतरांगेवरून मक्केकडे उतरणारा वारा थंड असेल असे आपल्याला वाटते. पण तायफच्या उंचीवर ३० अंश असलेली कोरडी हवा दीड किलोमीटर खाली उतरली, तर दाबली जाऊन ४५ अंशांच्या आसपास पोहोचते. डोंगराचा वारा म्हणून काही गारवा मिळत नाही. त्यात मक्का चहूबाजूंनी उघड्या खडकांच्या टेकड्यांमध्ये, खोलगट भागात वसलेली. दिवसभर तापलेला खडक रात्रभर ऊब सोडत राहतो.

आमच्या भगिनींना हिशेब तपासायचा असेल तर तोही देतो. दीड किलोमीटरला साडेसहाच्या हिशेबाने तायफ मक्केपेक्षा दहा अंशांनी थंड हवे. प्रत्यक्षात जुलैमध्ये मक्केत दुपारचे सरासरी तापमान ४३ अंशांच्या घरात, तर तायफात ३५-३६. फरक सात-आठ अंशांचाच. उरलेले दोन-तीन अंश कुठे गेले? तायफ हवेत तरंगत नाही, ते पठारावर बसलेले आहे. त्या पठाराची जमीनही उन्हाने तापते आणि आपल्यावरच्या हवेला तापवते. तवा उंचावर नेऊन ठेवला, इतकेच. म्हणून डोंगराचे शिखर आणि त्याच उंचीवरची मोकळी हवा यांच्या तापमानात फरक राहतो.

पैगंबर हजरत मुहम्मद (सल्ल.) तायफला गेले तेव्हाचा प्रसंग आपल्या घराघरात सांगितला जातो. दगडांचा मारा सोसून आप (सल्ल.) एका बागेच्या आसऱ्याला आले आणि अद्दास नावाच्या गुलामाने त्यांच्यापुढे द्राक्षांचा घड ठेवला. आपण हा प्रसंग सब्राच्या संदर्भात ऐकतो, आणि तसाच ऐकावा. पण घड द्राक्षांचा होता हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. मक्केच्या दरीत शेती नव्हती. तिथून जेमतेम दोन-तीन दिवसांच्या वाटेवर द्राक्षांच्या बागा होत्या, कारण मध्ये दीड किलोमीटरची चढण होती. आजही तायफचे डाळिंब आणि गुलाब प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेले की कोकणातला घाम सुकतो आणि स्ट्रॉबेरीची शेते दिसू लागतात, त्यातलाच हा प्रकार. महाबळेश्वरची उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे.

तायफच्याही वर काय होते? हाजी लोकांनी ते पाहिलेले आहे, फक्त लक्ष दिलेले नसते. जेद्दाहच्या विमानात समोरच्या पडद्यावर उंची, वेग आणि बाहेरचे तापमान दाखवतात. दहा-अकरा किलोमीटरवर बाहेर उणे चाळीस अंशांच्या आसपास आकडा दिसतो, खाली अरबस्तानात उन्हाचा वणवा असला तरी. सन १८०४ मध्ये गे-ल्युसाक हा फ्रेंच शास्त्रज्ञ एकटाच फुग्यात बसून सात किलोमीटर उंच गेला होता. पॅरिसमध्ये जमिनीवर २८ अंशांच्या आसपास तापमान होते, वर पारा शून्याखाली साडेनऊवर गेला. मग लोकांना वाटले, थंडी अशीच वाढत जात असेल. पण तेसरेंक द बोर या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने उपकरणे बांधलेले माणसाविना फुगे शेकड्यांनी सोडले, आणि १९०२ मध्ये जाहीर केले की अकरा किलोमीटरच्या वर तापमान उतरायचे थांबते. त्याला आधी स्वतःच्या उपकरणांवरच संशय होता. उन्हाने ती तापत असतील म्हणून त्याने फुगे रात्रीही सोडून पाहिले. आकडे तेच आले. त्या थराच्या वर ओझोन वायू सूर्याची अतिनील किरणे शोषून स्वतः तापतो, म्हणून तिथे वर जावे तसे तापमान पुन्हा वाढते. तिथे चूल वर असते. आपल्या भागात, विषुववृत्ताच्या बाजूला, ही हद्द सोळा-सतरा किलोमीटरवर आहे.

हवेची एकूण उंची किती, हा प्रश्न आपल्या लोकांनी फार आधी हाताळला होता, तोही नमाजच्या वेळांच्या अंगाने. अकराव्या शतकात अंदलुसमध्ये इब्न मुआझ अल-जय्यानी नावाचे काझी आणि गणिती होते. फजरचा पहिला उजेड दिसतो तेव्हा सूर्य क्षितिजाखाली सुमारे १८-१९ अंश असतो. मग उजेड येतो कुठून? उंचावरच्या हवेला ऊन आधी लागते, तिथून. या एका कोनावरून त्यांनी हवेची उंची ५० मैलांच्या थोडी वर काढली. हे पुस्तक लॅटिनमध्ये शतकानुशतके इब्न अल-हैथम यांच्या नावावर चालले. १९६७ मध्ये इतिहासकार ए. आय. सबरा यांनी ते खऱ्या लेखकाकडे परत दिले. आमच्या मते आपल्या मदरशांत आणि शाळांत हे नाव मुलांना ठाऊक असायला हवे.

पण आमचे आजचे खरे सांगणे अजून बाकी आहे, आणि ते तायफचे नाही, आपल्या गल्लीचे आहे.

हवेला जमीन तापवते म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतोच: रात्री जमीन थंड झाली की काय होते? हिवाळ्यातली निरभ्र रात्र घ्या, वारा पडलेला. जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडून झपाट्याने गार होते. तिला चिकटलेली हवाही गार होते. वरची हवा मात्र तितकी लवकर गार होत नाही. पहाटेपर्यंत शिडी उलटी होते. खाली थंड, वर उबदार. शाळेच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहत सखल जागी साठते.

महाबळेश्वरात दर थंडीत हे दिसते. वर्तमानपत्रात फोटो येतो: वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठले. त्याच दिवशी गावातल्या वेधशाळेच्या किमान तापमानाचा आकडा मात्र शून्याच्या बराच वर असतो. लोक म्हणतात, एक काहीतरी खोटे. दोन्ही खरे असतात. तलाव खोलगट जागी आहे, रात्रीची थंड हवा तिथे उतरून बसते, आणि वेधशाळा उंचावर आहे. याच कारणाने निफाडला, जे महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी उंचीवर आहे, हिवाळ्यातल्या कित्येक पहाटे महाबळेश्वरपेक्षा जास्त थंड असतात. निफाडचे द्राक्ष बागायतदार त्या रात्री बागेत शेकोट्या पेटवून जागतात. उंच म्हणजे थंड हा नियम दिवसाचा आहे. शांत रात्रीचा नियम वेगळा.

द्राक्षाचे नुकसान पैशात मोजता येते. श्वासाचे काय? खाली थंड आणि वर उबदार अशी हवा असली की ती झाकणासारखी बसते. खालची जड हवा वर उठत नाही. जे काही आपण जाळू ते तिथेच राहते. हिवाळ्यात पहाटे गावाच्या वेशीवरून पाहा: चुलींचा धूर घरांच्या थोडा वर जातो आणि मग आडवा पसरतो, जणू छताला लागला. ते छत म्हणजेच उबदार हवेचा थर.

लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ असे पाच दिवस हे झाकण उठलेच नाही. घराघरात कोळशाच्या शेगड्या पेटल्या होत्या. सुरुवातीचा अंदाज चार हजार मृत्यूंचा होता, पुढे संशोधकांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. मरणाऱ्यांत म्हातारे, तान्ही मुले आणि दम्याचे रुग्ण जास्त. आपल्याकडे भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हाही रात्र थंडीची आणि हवा बसलेली होती. वायू मुळात हवेहून जड. उन्हाळ्यातल्या दुपारी तो काही अंशी वर उठून विरला असता. त्या रात्री तो झोपलेल्या वस्त्यांमधून जमिनीलगत सरकत गेला. गुन्हा हवेचा नव्हता, तो ज्यांचा होता त्यांचाच राहतो. पण हवेने त्या रात्री माणसांना वाचवले नाही, इतके खरे.

आपल्या मोहल्ल्यात दुर्घटना होत नाही, रोजचे थोडे थोडे होते. फजरच्या आधी अंगणात बंब पेटतो. लाकूड ओले असते, म्हणून पेटवायला सायकलच्या टायरचा तुकडा, फाटकी चप्पल, प्लास्टिकची पिशवी. कोपऱ्यावर झाडलोट करून कचऱ्याचा ढीग तिथेच पेटवला जातो. चहाच्या गाडीशेजारी शेकोटी. हे सगळे नेमके त्या दोन-तीन तासांत, जेव्हा झाकण सर्वांत घट्ट बसलेले असते. तोच कचरा दुपारी जाळला तरी तो वाईटच, पण धूर वर तरी जातो. पहाटे तो आपल्या नाकाच्या उंचीवर थांबतो. आणि त्याच वेळी नाना मशिदीला निघालेले असतात, मुले शाळेच्या रिक्षाची वाट पाहत उभी असतात, आणि अम्मी त्या बंबाशेजारीच बसून फुंकत असते. घरात सर्वांत जास्त धूर कोणाच्या पोटात जातो हे वेगळे सांगायला नको.

दम्याच्या किंवा हृदयाच्या आजाराच्या वडीलधाऱ्यांना डॉक्टर रोज चालायला सांगतात, आणि आपल्याकडे चालणे म्हणजे फजरनंतर असे ठरून गेलेले आहे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ते उत्तम. पण डिसेंबर-जानेवारीत, धुराच्या वस्तीत राहणाऱ्यांनी हे चालणे असरच्या सुमारास न्यावे असे आम्ही सुचवतो. दिवसभराच्या उन्हाने जमीन तापलेली असते, हवा वर-खाली घुसळली जात असते आणि धूर पातळ झालेला असतो. सूर्य उगवला की लगेच झाकण उठते असेही नाही. जमीन तापायला दोन-तीन तास जातात. जमातीला जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही, तो प्रत्येकाचा आणि त्याच्या रबचा मामला आहे. आजाऱ्याला सवलत किती, हे आपल्या इमाम साहेबांना विचारावे. पण मशिदीच्या वाटेवर कचरा पेटवायचा की नाही, यासाठी कोणाला विचारण्याची गरज नाही. मशीद कमिटीने जुम्याच्या दिवशी खुत्ब्यानंतरच्या सूचनांमध्ये एवढे एक वाक्य घातले, तरी मोहल्ल्यात फरक पडेल. बंबासाठी पावसाळ्यापूर्वीच लाकूड आडोशाला रचून सुकवले, तर टायरची गरजच उरत नाही.

हजला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट याच हिशेबातली. १७ जून २०२४ रोजी मक्केत मस्जिदे हराममध्ये ५१.८ अंश तापमान नोंदले गेले, आणि त्या हजमध्ये १,३०० हून अधिक माणसे दगावल्याचे सौदी सरकारने सांगितले. हवामान खाते जो आकडा देते तो जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर, सावलीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. तवा खाली आहे हे आठवा. दुपारच्या उन्हात डांबरावरची हवा त्या आकड्याहून कितीतरी जास्त तापलेली असते, आणि पहिल्या दोन-तीन फुटांत हा फरक सर्वांत मोठा असतो. म्हणजे उभ्या माणसाच्या चेहऱ्याला जे लागते त्यापेक्षा व्हीलचेअरवरच्या दादीला जास्त लागते, आणि बाबागाडीतल्या लेकराला त्याहून जास्त. चेअर ढकलणाऱ्याने स्वतःच्या अंदाजावर जाऊ नये. खाली वाकून एकदा हाताने तपासावे, छत्री आपल्यावर न धरता खाली धरावी, आणि डांबराऐवजी सावलीची किंवा पांढरट लेप दिलेली वाट निवडावी. अरफात परिसरातल्या काही रस्त्यांना तिथल्या सरकारने ऊन परतवणारा असा लेप दिलेला आहे.

आता मुलांसाठी काम. दोन साधे भिंतीवर लावायचे तापमापक घ्या, शे-दीडशे रुपयांत मिळतात. एकाच जागी ठेवून दोन्ही सारखाच आकडा दाखवतात का ते आधी बघा, नसल्यास फरक वहीत लिहून ठेवा. मग एक अंगणात जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि दुसरा गच्चीच्या कठड्याला, छतापासून दूर, काठीवर टांगा. दोन्हींवर ऊन पडू नये म्हणून वर पुठ्ठ्याचे छप्पर करा, पण हवा खेळती राहू द्या. सात दिवस फजरनंतर आणि जुहरनंतर दोन्ही आकडे लिहा. रात्र ढगाळ होती की निरभ्र, वारा होता की नाही, तेही शेजारी नोंदवा. ढगाळ रात्रीनंतरचे आकडे वेगळे आले तर का आले, याचा विचार आधी घरात करा आणि मग आम्हाला कळवा. गावाचे नाव लिहायला विसरू नका. डोंगरावरचे, नदीकाठचे आणि समुद्राकाठचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून पुढच्या अंकात छापू, इन्शाअल्लाह.